फोनचा प्रो मोड: आधी शटर, मग आयएसओ

शाळेचं स्नेहसंमेलन. मंचावर झगझगीत उजेड, मागे काळा पडदा, पुढे मुलगी नाचतेय. पालकांच्या फोनमधला फोटो बघितला तर पडद्याच्या चुण्या अगदी नीट दिसतात, मुलीचा चेहरा मात्र पांढराफटक आणि हात पुसट. फोनने हिशेब सरळ केला: चौकटीतला बहुतेक भाग काळा आहे, म्हणजे अंधार आहे, म्हणजे उजेड वाढवायला हवा. म्हणून त्याने शटर जास्त वेळ उघडं ठेवलं. चेहरा जळाला तो त्यामुळे आणि हात हलले तेही त्यामुळेच. प्रो मोडचा, म्हणजे शटर आणि आयएसओ हाताने ठरवू देणाऱ्या सोयीचा, उपयोग अशा ठिकाणी, जिथे फोनचा अंदाज कुठे चुकणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं.

चाव्या दोनच

मोठ्या कॅमेऱ्यात उजेड आवरायला तीन गोष्टी असतात: ॲपर्चर, शटर आणि आयएसओ. फोनमध्ये ॲपर्चर म्हणजे भिंगाचं छिद्र, ते बहुतेक कायमचं ठरलेलं असतं. मुख्य कॅमेऱ्याचं साधारण एफ १.८ च्या आसपास (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं). सॅमसंगच्या २०१८ च्या गॅलेक्सी एस ९ मध्ये एफ १.५ आणि एफ २.४ असे दोन पर्याय होते, शाओमी १४ अल्ट्रामध्येही ते बदलतं, पण असे फोन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा उरल्या दोन.

शटर म्हणजे सेन्सर किती वेळ उजेड गोळा करतो ते. १/५०० म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग. खालचा आकडा मोठा तितका वेळ कमी. नवख्यांची पहिली गफलत इथेच होते. काही ॲपमध्ये तर ‘१/’ दाखवतच नाहीत, नुसतं ५०० दिसतं, आणि पूर्ण सेकंद असले तर आकड्यापुढे दोन बारीक रेघा येतात. म्हणजे नुसता २ हा अर्धा सेकंद, आणि रेघांसकट २ म्हणजे दोन सेकंद. फरक चौपट.

आयएसओ वाढवल्याने उजेड वाढत नाही. सेन्सरने जो काही गोळा केलाय तोच फुगवला जातो आणि त्याच्यासोबत दाणे, म्हणजे फोटोतले खरखरीत ठिपके, तेही फुगतात. फोनचा सेन्सर नखाएवढा, त्यामुळे ८०० च्या पुढे दाणे दिसू लागतात आणि ३२०० ला चेहऱ्याचा पोत मेणासारखा होतो, कारण फोन ते दाणे पुसायला जातो आणि त्यासोबत कातडीचे बारकावेही पुसतो.

दोन्हींचं नातं एका शब्दात मावतं: स्टॉप. उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप वर, निम्मा झाला की एक स्टॉप खाली. १/५० ला आयएसओ १००, १/१०० ला आयएसओ २००, १/२०० ला आयएसओ ४००: तिन्ही फोटो सारखेच उजळ. पहिल्यात हालचाल पुसट होईल, तिसऱ्यात दाणे जास्त येतील. निवड एवढीच आहे.

कुठे सापडेल

अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यात खालच्या पट्टीत ‘मोअर’ दाबा, तिथे ‘प्रो’ सापडेल. काही कंपन्या त्यालाच ‘प्रोफेशनल’ किंवा ‘एक्सपर्ट’ म्हणतात. गूगलच्या फोनांत ही सोय पिक्सेल ८ प्रोपासून ‘प्रो’ मॉडेलांना मिळाली. तुमच्या फोनमध्ये ती नसेल तर ‘ओपन कॅमेरा’ हे मोफत ॲप घ्या आणि त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘कॅमेरा टू एपीआय’ चालू करा. ते केल्याशिवाय शटरची पट्टी दिसतच नाही आणि लोक ॲपला नावं ठेवून काढून टाकतात. आयफोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात शटर किंवा आयएसओ हाताने ठरवता येत नाही. त्यासाठी ‘हॅलाइड’ किंवा ‘लाइटरूम’चा कॅमेरा वापरावा लागतो.

प्रो मोड उघडलात की हिस्टोग्राम (चौकटीतलं काळं डावीकडे आणि पांढरं उजवीकडे दाखवणारा डोंगरासारखा आलेख) आणि ग्रिड (चौकटीवरच्या आडव्या-उभ्या रेषा) चालू करा, फ्लॅश बंद. आणि भिंग पुसा. हसू नका: दिव्याभोवती जे लांबलचक फराटे येतात ते बहुतेक वेळा बोटाच्या तेलाचे असतात. सुती कापड, दोन गोल फेरे, बस्स.

आधी नुसतं ईव्ही

खरं सांगायचं तर निम्मी कामं ईव्हीवरच भागतात, म्हणजे फोनने ठरवलेला उजेड थोडा वर-खाली करणाऱ्या पट्टीवर; +१ म्हणजे एक स्टॉप वर. फोन जे काही दिसेल त्याची सरासरी मधल्या करड्या छटेवर आणू बघतो. पांढरे कपडे घातलेली वारकऱ्यांची दिंडी चौकटभर असेल तर तो पांढऱ्याला करडं करतो; तिथे ईव्ही +०.३ ते +०.७. काळ्या पाषाणाची मूर्ती असेल, आणि फोटोला परवानगी असेल, तर तो काळ्यालाही करडं करतो आणि दगड राखेसारखा दिसतो, तिथे −०.७ ते −१. थोडक्यात, पांढऱ्याला वाढवायचं आणि काळ्याला कमी करायचं. मनाला हे उलटं वाटतं, म्हणून दोनदा करून बघा.

साध्या ऑटोमध्येही हे जमतं. विषयावर बोट दाबून धरा, कुलूप पडेल, मग शेजारचा सूर्य वर किंवा खाली सरकवा. आयफोनवरही हा रस्ता आहे, आणि तो वाईट नाही.

हाताने ठरवायचं तर हा क्रम

१. चौकटीत काय हलतंय ते बघून शटर ठरवा. बसून गप्पा मारणारे लोक १/६०, चालणारा माणूस १/२५०, धावणारं मूल किंवा उडी १/५०० ते १/१०००. काहीच हलत नसेल तर तुमचा हात हलतोय: मुख्य कॅमेऱ्याला १/३० ठीक, फोनमध्ये ओआयएस, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, असेल तर कोपर छातीला टेकवून १/१० पर्यंतही जमतं. तीनपट झूमच्या भिंगाला मात्र १/८० च्या खाली उतरू नका, कारण झूम जितका जास्त तितकी हाताची थरथरही जास्त दिसते.

२. आयएसओ सर्वांत खाली न्या, ५० किंवा १०० जे असेल ते. मग पडद्यावर हवं तेवढं उजळेपर्यंत एकेक पायरी वाढवा.

३. हिस्टोग्राम बघा. डोंगर उजव्या भिंतीला चिकटला असेल तर तिथला तपशील गेला. नंतर कितीही एडिट करा, पांढरं ते पांढरंच राहतं. डावीकडे झुकलेला असेल तर सावल्या थोड्याफार वर आणता येतात. रात्रीच्या फोटोत डोंगर डावीकडे असायलाच हवा, त्याला मध्यावर आणायच्या नादी लागू नका.

४. फोकस द्या. प्रो मोडमध्ये तो चुकून मॅन्युअलवर गेलेला असतो आणि सगळे फोटो पुसट येतात, त्याकडे लक्ष असू द्या.

५. एकाऐवजी तीन काढा आणि लगेच मोठा करून बघा. डोळ्यांच्या पापण्या दिसल्या पाहिजेत. पापण्या दुहेरी दिसल्या तर शटर मंद. पापण्या धूसर पण मागचं झाड स्वच्छ असेल तर फोकस चुकलाय. ही दोन दुखणी वेगळी, औषधंही वेगळी.

पडद्यावरच्या उजेडावर विश्वास ठेवू नये हे यातच येतं. भर उन्हात पडदा मंद वाटतो म्हणून माणूस फोटो जास्त उजळ करतो, आणि घरी येऊन बघतो तर आभाळ गायब. रात्री उलट होतं. हिस्टोग्रामला ऊन लागत नाही.

मंचावरचा नाच

सुरुवातीचा प्रसंग घेऊ. चांगल्या उजेडाच्या मंचावर १/२५० आणि आयएसओ ४०० पासून सुरुवात करा. पडदा काळाकुट्ट दिसेल. दिसू द्या, तो काळाच आहे. नजर फक्त कपाळ आणि नाकाच्या शेंड्यावर ठेवा, पांढरं आधी तिथेच पडतं. तसं झालं तर आयएसओ २००. नाचात एक क्षण असा येतो की गिरकी संपून पाऊल टेकतं. त्या क्षणी १/१२५ लाही चेहरा स्वच्छ मिळतो आणि घागऱ्याच्या घेरात गती उरते. ताल ओळखीचा असेल तर तो क्षण पकडता येतो, हे कुठल्याही फोनला येत नाही.

जांभळ्या-निळ्या एलईडी झोताखाली एक फसवणूक होते. हिस्टोग्राम ठीक दिसतो, तरी गालावर सपाट जांभळा डाग पडतो. कारण निळा रंग एकटाच वरच्या टोकाला जाऊन आपटलेला असतो आणि एकत्रित आलेखात ते लपतं. अशा झोतात आणखी एक स्टॉप कमी ठेवा, किंवा झोत पांढरा व्हायची वाट बघा.

मिरवणुकीतल्या ढोल-ताशालाही हाच नियम, फक्त तिथे हवं काय ते ठरवा. १/५०० ला टिपरू हवेत गोठतं आणि गुलालाचे कण सुटे दिसतात. १/६० ला वादकाचा चेहरा स्थिर राहून टिपऱ्याचा पंखा होतो. बघायला दुसराच जास्त जिवंत वाटतो, पण त्यात दहातले सात फोटो वाया जातात हे धरून चला.

पट्टे का येतात

सभागृहात किंवा दुकानात काढलेल्या फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. फोन बिघडलेला नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. फोनचा सेन्सर सगळी चौकट एकदम वाचत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. शटर १/५०० असेल तर काही ओळींच्या वाट्याला तेजाचा क्षण येतो, काहींच्या वाट्याला मंदीचा. उपाय: १/१००, १/५० किंवा १/२५, म्हणजे प्रत्येक ओळीला पूर्ण हेलकावा मिळतो. घरात ट्यूबखाली १/१०० आणि आयएसओ ४०० ते ५०० हा चांगला आरंभबिंदू. व्हिडिओलाही हेच: २५ फ्रेमला १/५०.

अमेरिका-कॅनडात वीज ६० हर्ट्झची, तिथे हे आकडे १/१२०, १/६० आणि १/३० होतात. लंडन, सिडनी, दुबईला आपलेच आकडे चालतात. मंचावरचे मंद करता येणारे एलईडी मात्र स्वतःच्या वेगाने लुकलुकतात, त्यांना हा हिशेब लागू पडेलच असं नाही. पहिल्या गाण्यातच दोन-तीन शटर तपासून घ्यावेत.

पणती, फुलबाजी, फटाके

पणतीच्या उजेडातला चेहरा हा प्रो मोडचा उत्तम सराव आहे. पणती चेहऱ्यापासून अर्ध्या-पाऊण हातावर असेल तर आयएसओ ८००, शटर १/५० च्या आसपास चेहरा येतो. त्यात ज्योत पांढरा थेंब होईल. ज्योतीचा आकार, तळाशी निळसर आणि वर पिवळा, हवा असेल तर आयएसओ १००, शटर १/१०००. मग चेहरा अंधारात जाईल. एकाच फोटोत दोन्ही मिळणं कठीण, पण अंतर कमी करता येतं: पणती चेहऱ्याच्या ६० सेंटिमीटरवरून ३० वर आणली की उजेड चौपट, म्हणजे सरळ दोन स्टॉप, आणि आयएसओ ३२०० चा ८०० होतो. एकीच्या जागी चार पणत्या ताटात ठेवल्या तरी तोच हिशेब. केस आणि पदर सांभाळा.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोचा पिवळा-निळा तोल ठरवणारी पट्टी, इथे हाताने २८०० ते ३००० केल्व्हिन ठेवा. ऑटोवर सोडला तर फोन सगळा सोनेरीपणा धुऊन टाकतो आणि पणतीचा फोटो ट्यूबखाली काढल्यासारखा दिसतो. हळदीच्या कार्यक्रमात तर पिवळ्याला घाबरून तो नवरीला निळसर करतो. अंगणातल्या उजेडात ५२०० ठरवून मोकळे व्हा.

फुलबाजीने हवेत नाव लिहायचं असेल तर फोन भिंतीला किंवा ट्रायपॉडला, आयएसओ सर्वांत कमी, शटर ४ सेकंद, सेल्फ टायमर २ सेकंद. लिहिणाऱ्याचा हात सतत हलता हवा, थांबला की तिथे गोळा होतो. अक्षरं उलटी येतात, कारण लिहिणारा तुमच्याकडे तोंड करून उभा असतो. एडिटमध्ये आडवं उलटवलं की सुलटी.

रॉकेटच्या बाबतीत फोन अडचणीत येतो. उडत्या ठिणगीची रेघ किती उजळ दिसणार हे शटरवर अवलंबून नसतं, कारण ठिणगी एका जागी थांबतच नाही. ते ठरतं ॲपर्चर आणि आयएसओवर. फोनचं ॲपर्चर मोठं आणि बदलत नाही, म्हणून आयएसओ ५० लाही रेघा पांढऱ्या पडू शकतात. दोन गोष्टी करता येतात: लांबच्या, उंच फुटणाऱ्या रॉकेटकडे वळा आणि झूमचं भिंग वापरा, ज्याचं ॲपर्चर बहुधा लहान असतं. शटर १ ते २ सेकंद. जास्त ठेवलंत तर आभाळातला धूरच उजळत बसतो.

चंद्र आणि धबधबा

कोजागरीच्या चंद्राचा ऑटोतला फोटो म्हणजे पांढरी टिकली. चंद्रावर भर ऊन पडलेलं असतं हे फोनला कळत नाही, त्याला भोवतीचा अंधार दिसतो. पाचपट झूमच्या भिंगाला आयएसओ १००, शटर १/५०० पासून सुरू करा, डाग दिसू लागेपर्यंत शटर कमी-जास्त करा. फोकस मॅन्युअल, डोंगराच्या खुणेवर, म्हणजे सर्वांत लांब. मसाला दुधाचा पेला आणि चंद्रावरचे डाग एका फोटोत येणार नाहीत, दोघांच्या उजेडात फारच अंतर. देवळाचा कळस आणि चंद्र दोन्ही हवे असतील तर पौर्णिमेला सूर्यास्ताच्या आसपास जा. तेव्हा चंद्र नुकता उगवत असतो आणि आभाळात उजेड शिल्लक असतो.

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या धबधब्याचं पाणी रेशमासारखं यावं अशी सगळ्यांची इच्छा. त्याला १/४ सेकंद तरी शटर हवं. ढगाळ दिवसा एफ १.८ आणि आयएसओ ५० ला योग्य शटर येतं सुमारे १/६००. म्हणजे सात स्टॉप जास्तीचे, फोटो कोरा कागद. त्यासाठी भिंगावर क्लिपने लावायची, उजेड अडवणारी गडद एनडी काच घ्यावी लागते: एनडी ८ तीन स्टॉप अडवते, एनडी ६४ सहा. दाट झाडीखालच्या ओहोळाला एनडी १६ पुरते. काच नको असेल तर आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर ‘लाँग एक्सपोजर’ निवडा, फोन हातात असला तरी काम होतं. आणि तुषारांनी भिंग दर मिनिटाला ओलं होतं. प्रत्येक फोटोआधी पुसायचं, नाहीतर मधोमध ढग.

भर दुपारच्या उन्हात, जाता जाता, आयएसओ १०० ला शटर १/८००० च्या घरात जातं. काही फोनांत तेवढं मिळत नाही. तिथे आयएसओ ५० किंवा सावली.

प्रो मोड बंद ठेवावा तेव्हा

हे कुणी फारसं सांगत नाही. ऑटोमध्ये फोन एक फोटो काढत नाही. झटपट अनेक काढून एकमेकांवर बसवतो, त्यातून दाणे कमी होतात आणि आभाळ व जमीन दोन्ही टिकतात. प्रो मोडमध्ये बऱ्याच फोनांत ही जुळवाजुळव थांबते आणि एकच कच्चा फोटो हातात येतो. म्हणून गडावरून घेतलेलं सूर्यास्ताचं दृश्य, किंवा ट्रायपॉडशिवाय रात्रीचा रस्ता, ऑटो किंवा नाइट मोड तुमच्यापेक्षा चांगला काढेल. प्रो मोड घ्यायचा तो हालचाल, लुकलुकणारे दिवे, काळ्या पार्श्वभूमीवरचा उजळ विषय, आणि ट्रायपॉडवरचे लांब शटर यांसाठी.

त्याचा एक छुपा फायदाही आहे. ऑटोमध्ये उजेड कमी झाला की तीनपट दाबलं तरी अनेक फोन मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून देतात. प्रो मोडमध्ये निवडलेलं भिंगच वापरलं जातं.

रॉ म्हणजे डीएनजी फाइल, फोनने न सजवलेली सेन्सरची मूळ नोंद, पहिल्या महिन्यात नको. १२ मेगापिक्सेलची एक फाइल २० ते २५ एमबीची होते आणि एडिट केल्याशिवाय ती फिकीच दिसते. हिस्टोग्राम वाचता यायला लागला की मग सुरू करा.

फोन खिशात टाकण्याआधी सगळ्या पट्ट्या पुन्हा ‘ए’वर, म्हणजे ऑटोवर, आणा, किंवा रीसेटचं गोल चिन्ह दाबा. बऱ्याच फोनांना रात्रीचं आयएसओ १६०० आणि दोन सेकंदांचं शटर लक्षात राहतं, आणि दुसऱ्या दिवशी मुंजीत पहिले चार फोटो नुसते पांढरे येतात.